सुकुमार राय : शब्द आणि रेषा यांच्या सांध्यावरचे जीवन

बंगाली साहित्याच्या इतिहासात सुकुमार राय (१८८७–१९२३) यांची नोंद सामान्यतः बालसाहित्यकार म्हणून होते. 'आबोल ताबोल' हा कवितासंग्रह, 'ह-य-ब-र-ल' ही अद्भुत विनोदी कथा आणि 'पागला दाशु' या शाळकरी मुलाच्या गोष्टी यांचा उल्लेख करून इतिहासकार पुढे जातात. त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांची दखल घेतली गेलीच, तर ती मजकुराची शोभा वाढविणारी पूरक सामग्री म्हणून. कलेच्या इतिहासकारांनी त्यांना चित्रकारांच्या पंक्तीत फारसे बसविले नाही आणि मुद्रणाच्या इतिहासात त्यांचे नाव बहुधा वडिलांच्या नावामागून येते. कवी, चित्रकार आणि मुद्रणतज्ज्ञ अशा तीन स्वतंत्र खात्यांत एका माणसाची वाटणी झाल्यामुळे त्यांच्या निर्मितीचे मर्म कोणत्याच खात्यात सापडत नाही. त्यांनी निर्माण केलेली विनोदी पात्रे शब्दात जन्मून चित्रात उतरली, असे म्हणता येत नाही; चित्रात जन्मून शब्दात आली, असेही म्हणता येत नाही. शब्द आणि रेषा एकमेकांना जिथे जोडल्या जातात त्या सांध्यावरच ती जन्मली. हा सांधा त्यांना कसा गवसला, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात आहे. म्हणूनच ते चरित्र येथे या दृष्टीने मांडणे उचित ठरेल.

१

सुकुमार राय यांचा जन्म ३० ऑक्टोबर १८८७ रोजी कलकत्त्यात झाला. वडील उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) हे मूळचे मैमनसिंग जिल्ह्यातील मसुआ गावचे. लेखन, चित्रकला, संगीत आणि विज्ञान या सर्व क्षेत्रांत त्यांना गती होती. आई विधुमुखी या ब्राह्मो समाजातील झुंजार सुधारक द्वारकानाथ गांगुली यांच्या कन्या. द्वारकानाथांच्या दुसऱ्या पत्नी कादंबिनी गांगुली या भारतातील पहिल्या दोन स्त्री-पदवीधरांपैकी एक व पुढे नामवंत डॉक्टर. अशा घरात वाढणाऱ्या मुलाला परंपरेचा धाक आणि नव्याची भीती या दोन्ही गोष्टी फारशा माहीत नव्हत्या. सहा भावंडांपैकी सुकुमार दुसरे. थोरली बहीण सुखलता हिचे घरातले नाव हासि आणि सुकुमार यांचे ताता. ही दोन्ही नावे रवींद्रनाथ ठाकुरांच्या 'राजर्षि' या कादंबरीतील भावंडांवरून ठेवलेली. मुलाच्या लाडक्या नावापासूनच त्याच्या आयुष्यात साहित्य शिरले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

तथापि या घराचे खरे वेगळेपण त्याच्या मुद्रणालयात होते. उपेंद्रकिशोरांनी मुलांसाठी रामायण सांगितले, त्यासाठी स्वतः चित्रेही काढली. परंतु तत्कालीन प्रथेप्रमाणे ती लाकडी ठशांवर कोरून छापली गेली, तेव्हा मूळ चित्रांची पार रया गेली. या अनुभवाने ते स्वस्थ बसले नाहीत. लंडनच्या पेनरोज कंपनीकडून यंत्रसामग्री मागवून त्यांनी १८९५ मध्ये ठसे तयार करण्याचा स्वतःचा व्यवसाय सुरू केला. पुढे तो 'यू. राय अँड सन्स' या नावाने ख्यातनाम झाला. छायाचित्रातील छटा बारीक जाळीतून ठिपक्यांत फोडून धातूच्या ठशावर उतरविण्याच्या हाफटोन प्रक्रियेवर त्यांनी मूलभूत प्रयोग केले आणि त्यांचे इंग्रजी लेख लंडनच्या 'पेनरोज ॲन्युअल'मध्ये प्रसिद्ध झाले. चित्र कागदावर काढले म्हणजे काम संपत नाही. ते ठशावर, शाईत आणि अखेर वाचकाच्या हातातील पानावर कसे उतरेल, हे पाहणे चित्रकाराचेच काम आहे, हा धडा सुकुमार यांना बालपणीच घरात मिळाला. त्यांच्या पुढील साऱ्या निर्मितीची पायाभरणी या धड्यात आहे.

२

सिटी स्कूलमधील शिक्षणानंतर सुकुमार प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले आणि १९०६ मध्ये पदार्थविज्ञान व रसायनशास्त्र या विषयांत ऑनर्ससह पदवीधर झाले. कोणत्याही कलाशाळेत त्यांनी चित्रकलेचे रीतसर शिक्षण घेतले नाही. विज्ञानाची शिस्त आणि विनोदाची लहर त्यांच्या ठायी एकत्र नांदत होती. महाविद्यालय सोडल्यानंतरच्या काळात त्यांनी मित्र व भावंडे यांना जमवून 'नॉनसेन्स क्लब' स्थापन केला. या क्लबचे हस्तलिखित मासिक होते 'साडे बत्रिश भाजा'. बत्तीस जिन्नस एकत्र करून वर अर्धी मिरची ठेवून फेरीवाले विकत असलेल्या चटपटीत खाऊवरून हे नाव घेतलेले होते. लेख, विडंबने, चित्रे आणि मुखपृष्ठ यांपैकी बरेचसे काम संपादक सुकुमार हेच करीत. क्लबसाठी लिहिलेली 'झालापाला' व 'लक्ष्मणेर शक्तिशेल' ही नाटके घरच्या मंडळींनीच सादर केली. 'लक्ष्मणेर शक्तिशेल'मध्ये रामायणातील वीर मंडळी सामान्य बंगाली गृहस्थांसारखी कुरकुर करतात आणि खाण्यापिण्याच्या विवंचनेत असतात. भव्य कथेला घरगुती आवाज देण्याची ही युक्ती त्यांच्या विनोदाचे पहिले ठळक लक्षण होय.

याच सुमारास एका गंभीर वादातही ते उतरले. अवनींद्रनाथ ठाकुर आणि त्यांचे शिष्य यांनी प्रवर्तित केलेल्या नव्या भारतीय चित्रशैलीचा बंगालमध्ये तेव्हा मोठा गौरव होत होता. १९१० च्या सुमारास 'प्रवासी' मासिकात सुकुमार यांनी या शैलीच्या समर्थकांच्या काही गृहीतकांना आक्षेप घेतला आणि कलासमीक्षक अर्धेंद्रकुमार गंगोपाध्याय यांच्याशी त्यांचा वाद झाला. भारतीय कला म्हणजे वस्तुरूपाकडे पाठ फिरविणारी कला हे समीकरण त्यांना मान्य नव्हते. डोळ्यांनी नीट पाहणे हे कोणत्याही परंपरेतील कलावंताला कमीपणा आणणारे नाही, अशी त्यांची भूमिका होती. विनोदी चित्रकार म्हणून त्यांची जडणघडण समजून घेताना या वादाकडे दुर्लक्ष करता येत नाही. कारण जगात नसलेला प्राणी पटेल असा रेखाटायचा, तर जगात असलेले प्राणी आधी बारकाईने पाहिलेले असावे लागतात.

३

कलकत्ता विद्यापीठाची गुरुप्रसन्न घोष शिष्यवृत्ती मिळवून सुकुमार १९११ मध्ये इंग्लंडला गेले. विषय होता छायाचित्रण व मुद्रणतंत्र. लंडन येथे फोटो-एन्ग्रेव्हिंग आणि लिथोग्राफीच्या शाळेत व पुढे मँचेस्टरच्या तंत्रशाळेत त्यांनी शिक्षण घेतले. वडिलांनी घरच्या प्रयोगशाळेत शोधलेल्या पद्धती त्यांनी तेथील तज्ज्ञांपुढे मांडल्या. हाफटोनसंबंधीचा त्यांचा लेख १९१२ च्या 'पेनरोज ॲन्युअल'मध्ये आला. रॉयल फोटोग्राफिक सोसायटीशी त्यांचा संबंध याच काळात जुळला. पुढे १९२२ मध्ये ते या संस्थेचे फेलो झाले.

१९१२ मध्ये रवींद्रनाथ इंग्लंडला आले, तेव्हा 'गीतांजलि'च्या इंग्रजी रूपाभोवती जमलेल्या वर्तुळात सुकुमारही होते. १९१३ मध्ये त्यांनी रवींद्रनाथांवर इंग्रजीत निबंध वाचला व तो 'क्वेस्ट' या नियतकालिकात छापला गेला. रवींद्रनाथांना नोबेल पारितोषिक जाहीर होण्यापूर्वीच हा पंचविशीतील विद्यार्थी त्यांच्या काव्याचा अन्वयार्थ परक्या श्रोत्यांपुढे मांडत होता. लुईस कॅरॉल आणि एडवर्ड लिअर यांच्या विक्षिप्त विनोदाच्या परंपरेशी त्यांचा परिचय होता आणि त्यांच्यावर या परंपरेचा संस्कार झाला, हे सर्वमान्य आहे. मात्र कॅरॉलच्या पुस्तकाला चित्रे टेनिएलची होती. लिअर स्वतः चित्रे काढी. परंतु त्याची रेषा मुद्दाम अडाणी, बालिश ठेवलेली असे. सुकुमार यांची वाट या दोघांपेक्षा निराळी होती. विक्षिप्त शब्दाला त्यांनी शहाणीसुरती, जबाबदार रेषा दिली.

४

१९१३ हे वर्ष राय कुटुंबाच्या दृष्टीने संस्मरणीय ठरले. एप्रिल-मेच्या सुमारास, बंगाली वर्षारंभी, उपेंद्रकिशोरांनी 'संदेश' हे मुलांचे मासिक सुरू केले. बंगालीत या शब्दाचा एक अर्थ निरोप आणि दुसरा अर्थ सुप्रसिद्ध मिठाई. ज्ञान आणि गोडी या दोहोंची ग्वाही एका नावात दिलेली. सुकुमार त्याच वर्षी परतले आणि डिसेंबरमध्ये सुप्रभा दास यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लवकरच कुटुंब १०० गडपार रोड येथील नव्या वास्तूत राहावयास गेले. निवास आणि मुद्रणालय एकाच वास्तूत होते. लेखक वरच्या मजल्यावर लिहितो, खाली खिळ्यांची जुळणी होते, ठसे घडतात आणि ताजे छापलेले पान शाई वाळण्याआधी पुन्हा त्याच्या हाती येते, अशी सोय भारतातील फार थोड्या लेखकांच्या वाट्याला आली असेल.

२० डिसेंबर १९१५ रोजी उपेंद्रकिशोरांचे निधन झाले. अठ्ठावीस वर्षांच्या सुकुमार यांच्यावर मुद्रणालय, व्यवसाय आणि 'संदेश' यांची जबाबदारी येऊन पडली. महिन्याचा अंक वेळेवर काढण्यासाठी कविता, गोष्ट, विज्ञानावरील माहितीपर लेख, कोडी आणि या साऱ्यांची चित्रे यांपैकी जे कमी पडेल ते संपादकाने पुरवावयाचे, अशी ही नोकरी होती. त्यांची बहुतेक विनोदी पात्रे या मासिक गरजेतून, अंकाची पाने भरताना जन्मली. नियतकालिकाची निकड निर्मितीला मारकच असते असा एक समज आहे. सुकुमार यांच्या बाबतीत या निकडीनेच शब्द आणि चित्र यांना एका हातात आणले.

कामाच्या या रगाड्यातही 'मंडे क्लब' हे त्यांचे मित्रमंडळ भरत असे. दर सोमवारी जमणाऱ्या या मंडळींत पुढे संख्याशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झालेले प्रशांतचंद्र महालनोबिस, भाषाशास्त्रज्ञ सुनीतिकुमार चटर्जी, इतिहासकार कालिदास नाग आदी होते. गंभीर चर्चेला खाण्याची जोड असल्याने मंडळाच्या नावावर 'मंडा' या मिठाईची कोटीही झाली होती. बैठकीची निमंत्रणे सुकुमार पद्यात लिहीत. ब्राह्मो समाजातील तरुणांचे ते पुढारी होते. रवींद्रनाथांना साधारण ब्राह्मो समाजाचे मान्य सदस्य करण्यावरून जुन्या पिढीशी झालेल्या संघर्षात ते आघाडीवर होते आणि १९२१ मध्ये तरुणांचा पक्ष यशस्वी झाला. 'चलचित्तचंचरी' या नाटकात त्यांनी धर्मसुधारकांच्या गटबाजीची व पोकळ शब्दावडंबराची जी थट्टा केली, ती बाहेरच्याने केलेली टवाळी नव्हती. त्या समाजावर जीव असलेल्याने घरातच केलेली ती कानउघाडणी होती.

५

१९१५ च्या सुमारास 'संदेश'मध्ये आलेल्या 'खिचुडी' या कवितेपासून त्यांच्या खास विनोदी सृष्टीचा आरंभ मानता येतो. या छोट्या कवितेत प्राण्यांची जोडकामे आहेत. हांस आणि सजारु (साळिंदर) मिळून हांसजारू. बक आणि कच्छप मिळून बकच्छप. हाती आणि तिमि (देवमासा) मिळून हातिमि. व्याकरणाला आपण जुमानत नाही, अशी कबुली कवितेच्या आरंभीच देऊन टाकली आहे. परंतु ही कबुली फसवी आहे. या नामांची घडण तपासली, तर तिच्यामागे काटेकोर नियम दिसतो. पहिल्या शब्दाचे शेवटचे आणि दुसऱ्या शब्दाचे पहिले अक्षर समान असेल, तेथेच हा जोड बसतो. बक आणि कच्छप यांत 'क' सामाईक, हाती आणि तिमि यांत 'ति' सामाईक, हांस आणि सजारु यांत 'स' सामाईक. दोन समान अक्षरांपैकी एकाचा लोप होतो आणि एक अखंड, उच्चारसुलभ नाम तयार होते. बकच्छप हा शब्द मराठी वाचकालाही विनासायास समजतो, कारण त्याचे दोन्ही घटक तत्सम आहेत. संधी आणि समास यांच्या शास्त्रात मुरलेल्या भाषांनाच ही मौज पूर्णपणे भोगता येते.

चित्राच्या बाजूने पाहिले, तर हाच नियम रेषेतही आढळतो. पक्ष्याचे अंग कोठे संपते आणि साळिंदराचे काटे कोठे सुरू होतात, हे बोट ठेवून दाखविता येत नाही. दोन प्राण्यांची शरीरे कातरून शेजारी चिकटविलेली नाहीत. दोहोंना सामाईक असलेली एखादी बाह्यरेषा शोधून तिच्यावरून एकातून दुसऱ्यात प्रवेश केला आहे. शब्दातील सामाईक अक्षराचे काम चित्रातील सामाईक रेषा करते. हा योगायोग मानणे कठीण आहे. अक्षरांचे खिळे आणि चित्रांचे ठसे एकाच चौकटीत आवळून पान सिद्ध करणाऱ्या घरात वाढलेल्या कलावंताला, शब्द आणि चित्र या एकाच जुळणीच्या दोन वस्तू आहेत, हे वेगळे शिकवावे लागले नसेल. नामातील जोड चित्राने सिद्ध होतो आणि चित्रातील जोडाला नामाने मान्यता मिळते. दोहोंपैकी एक काढून घेतले, तर उरलेला अर्धा केवळ चमत्कृती ठरतो.

पुढील कवितांत जोडकाम मागे पडले आणि पूर्ण, स्वयंभू पात्रे आली. 'कुमडोपटाश' हा भोपळ्याच्या (कुमडो) नावाने ओळखला जाणारा अगडबंब जीव. तो नाचला, रडला, हसला किंवा धावला, तर लोकांनी कोणकोणते विचित्र सोपस्कार करावेत याची संहिताच कविता देते. 'हुकोमुखो हॅंग्ला' याला दोन शेपट्या. डावीकडची माशी एका शेपटीने मारावी, उजवीकडची दुसरीने. पण माशी मध्येच बसली तर काय करावे, या पेचाने तो कायमचा खिन्न. 'काठ बुडो' हा दाढीवाला म्हातारा उन्हात बसून शिजवलेले लाकूड चाखतो आणि लाकडाच्या प्रकारांवर गहन सिद्धांत मांडतो. 'खुडोर कल'मधील काकांनी शोधलेले यंत्र खांद्याला बांधले, की खाद्यपदार्थ नाकासमोर लोंबकळतो आणि त्याच्या आशेने माणूस मैलोगणती चालत राहतो. 'गोंफ चुरि'तील हेड ऑफिसचे शांत स्वभावाचे मोठे बाबू एके दिवशी आपल्या मिशा चोरीला गेल्याची आवई उठवितात. आरशात मिशा जागच्या जागी दिसल्यावर त्यांचा संताप दुणावतो आणि माणूस मिशांचा मालक नसून मिशाच माणसाच्या मालक आहेत, या निष्कर्षाप्रत ते येतात.

या पात्रांच्या चित्रांत एक गोष्ट समान आहे. रेषा कधीही हसत नाही. व्यंगचित्रकार सामान्यतः नाक लांब करतो, पोट फुगवितो आणि वाचकाने कोठे हसावे याची खूण करून ठेवतो. सुकुमार यांची रेषा मात्र प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील आकृतीप्रमाणे किंवा यंत्राच्या आराखड्याप्रमाणे गंभीर असते. काकांचे यंत्र प्रत्यक्षात बनविता येईल असे वाटते. विक्षिप्तपणा वस्तूत असतो, रेखाटनात नसतो. विज्ञानाच्या पदवीधराची शिस्त येथे विनोदाच्या कामी आली आहे. 'हेशोराम हुशियारेर डायरी' या कथेत तर त्यांनी कॉनन डॉइलच्या 'लॉस्ट वर्ल्ड' या कादंबरीचे विडंबन करताना प्राण्यांना लॅटिन धाटणीची बंगाली नावेच बहाल केली. कायम कुरकुरणारा गोमडाथेरियम, हावरट हॅंग्लाथेरियम, ओरडणारा चिल्लानोसॉरस ही मनुष्यस्वभावाचीच शास्त्रीय वर्गवारी होय.

६

या सृष्टीत समकालीन वास्तवाचे प्रतिबिंब किती, हा अभ्यासकांतील जुना वादविषय आहे. 'एकुशे आईन'मध्ये शिवाच्या स्वतःच्या देशातील कायदे येतात. तेथे पाय घसरून पडणाऱ्याला दंड होतो आणि ठरावीक वेळेपूर्वी शिंकायचे तर परवाना लागतो. वसाहतीच्या राज्यातील वाचकाला यातील रोख कळला नसेल, असे मानता येत नाही. 'ट्यांश गोरू'मधला, केसांचा नीटनेटका भांग पाडलेला, कचेरीत आढळणारा प्राणी नावाने गाय असूनही गाय नाही. त्याच्या नावातील 'ट्यांश' हा शब्द साहेबी थाटाची नक्कल करणाऱ्यांना हिणवून लावला जाई. हसण्याची सक्त मनाई असलेली 'रामगरुड'ची पिले आणि तळलेली आंबापोळी चित्राच्या चौकटीत बसवून ठेवणारा बोंबागडचा राजा हेही कोणाकोणाची आठवण करून देतात.

तरीही केवळ राजकीय रूपक म्हणून या कवितांचे वाचन करणे अपुरे ठरते. 'आबोल ताबोल'च्या छोटेखानी प्रास्ताविकात सुकुमार यांनी आपले पुस्तक खेयाल रसाचे असल्याचे सांगितले आणि ज्यांना या रसाची गोडी नाही, त्यांच्यासाठी ते नाही, असेही सुचविले. भरताच्या रससूत्राशी परिचित असलेल्या अभ्यासकाला या शब्दापाशी थांबावे लागते. हास्यरस परंपरेने मान्य केलेलाच होता. त्याच्या पोटात आपली निर्मिती न घालता सुकुमार यांनी वेगळ्या रसाचे नाव का घ्यावे? हास्यरसाचा आधार विकृती, म्हणजे प्रचलित आकार, वेष व वाणी यांतील बिघाड. बिघाड ओळखण्यासाठी मूळ घडी ठाऊक असावी लागते आणि हसणारा त्या घडीच्या बाजूने उभा असतो. हांसजारू हा बिघडलेला हंस नाही आणि बिघडलेले साळिंदरही नाही. त्याच्यापुरता तो संपूर्ण आहे. त्याला पाहून होणारा आनंद वरचढपणाचा नसून नव्या वस्तूच्या दर्शनाचा आहे. म्हणूनच या पात्रांच्या वाट्याला उपहास येत नाही. मिशांसाठी हातपाय आपटणारे बाबू हास्यास्पद असले, तरी तुच्छ ठरत नाहीत. वास्तवावरील टीका या काव्यात आहे, परंतु ती खेयाल रसाच्या प्रवाहात विरघळलेली आहे. तो प्रवाह तिच्यासाठी वाहत नाही.

७

२ मे १९२१ रोजी सुकुमार व सुप्रभा यांना मुलगा झाला. तोच पुढे चित्रपट-दिग्दर्शक म्हणून जगद्विख्यात झालेला सत्यजित. त्याच वर्षी सुकुमार यांना काळा-आजाराने ग्रासले. या रोगावरील प्रभावी औषध, यूरिया स्टिबामाइन, शोधणारे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी कलकत्त्यातच संशोधन करीत होते आणि १९२२ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्धही केले. परंतु या उपचाराचा सर्वत्र प्रसार होण्यास अवधी होता. सुकुमार यांच्यापाशी तो अवधी नव्हता.

आजारपणाची ही सुमारे अडीच वर्षे निर्मितीच्या दृष्टीने कमालीची समृद्ध ठरली. 'ह-य-ब-र-ल' १९२२ मध्ये 'संदेश'मधून क्रमशः आली. वर्णमालेतील य, र, ल, व, ह या अक्षरांची उलटापालट करून बनलेला हा शब्द बंगालीत सावळ्या गोंधळाला वापरतात. या कथेत घाम पुसण्यासाठी ठेवलेल्या रुमालाचे मांजर होते. पाटी-पेन्सिल घेऊन बसलेला काक्केश्वर नावाचा कावळा वेळेचाही हिशेब मांडतो. चाळीस वर्षे झाली की वय उलट मोजावयाचे, म्हणजे माणूस म्हातारा होत नाही, अशी सोय एका देशात केलेली असते. व्याकरण शिंग नावाचा बोकड बी. ए. असून खाद्यपदार्थांचा तज्ज्ञ आहे. चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी अंथरुणाला खिळलेल्या माणसाने वय उलटे फिरविण्याची ही युक्ती लिहिली, हे ठाऊक असलेल्या वाचकाला तो प्रसंग पूर्वीसारखा निव्वळ गमतीचा राहत नाही. तथापि कथेत कोठेही कारुण्याची याचना नाही. वयाचा हिशेब तेथे गंभीर चेहऱ्याने, व्यवहारी काटेकोरपणाने चालतो. चित्रातील न हसणारी रेषा येथे गद्यात आली आहे.

'आबोल ताबोल'ची जुळवाजुळव त्यांनी अंथरुणावरूनच केली. 'संदेश'मधील कविता निवडणे, काहींवर पुन्हा हात फिरविणे, पानांवर चित्रांच्या जागा ठरविणे, रिकाम्या जागी चित्रे भरणे आणि रंगीत मुखपृष्ठ तयार करणे ही सारी कामे त्यांनी जातीने केली. संग्रहाच्या शेवटी नव्याने घातलेल्या कवितेत विनोद आणि निरोप एकमेकांत मिसळून गेले आहेत. ऑगस्ट १९२३ च्या अखेरीस रवींद्रनाथ त्यांना भेटावयास आले आणि त्यांच्या इच्छेवरून त्यांनी गाणी म्हटली. १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाची छत्तीस वर्षे पूर्ण होण्याआधीच, गडपार रोडवरील घरी सुकुमार राय यांचे निधन झाले. त्यानंतर नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबरला, 'आबोल ताबोल' प्रकाशित झाले. ज्या पुस्तकाच्या पानापानाची रचना त्यांनी आखली, ते बांधून हातात घेणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या हयातीत त्यांच्या विनोदी निर्मितीचे वाचकांपर्यंत पोहोचलेले रूप म्हणजे मासिकाची पाने.

८

मृत्यूनंतर 'ह-य-ब-र-ल' १९२४ मध्ये ग्रंथरूपाने आले. काही वर्षांतच 'यू. राय अँड सन्स' बंद पडले आणि सुप्रभादेवींना लहान मुलासह गडपारचे घर सोडावे लागले. 'पागला दाशु' १९४० मध्ये रवींद्रनाथांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाले. सत्यजित राय यांनी कवी सुभाष मुखोपाध्याय यांच्यासह १९६१ मध्ये 'संदेश'चे पुनरुज्जीवन केले आणि १९८७ च्या जन्मशताब्दी वर्षात वडिलांवर माहितीपट तयार केला. वडील गेले तेव्हा सत्यजित सव्वादोन वर्षांचे होते. त्यांना वडिलांचा परिचय झाला तो मुख्यतः छापील पानांतून, म्हणजे ज्या माध्यमात सुकुमार यांनी आपले सर्वस्व ओतले होते त्याच माध्यमातून. सत्यजित हेही लेखक, चित्रकार आणि अक्षररचनाकार होते, ही गोष्ट या संदर्भात सूचक आहे.

सत्यजित राय आणि सुकांत चौधुरी यांच्या इंग्रजी अनुवादांमुळे सुकुमार बंगालबाहेर पोहोचले. अनुवादाच्या प्रश्नावरही त्यांच्या चित्रांमुळे वेगळा प्रकाश पडतो. हांसजारू या नामाला अन्य भाषेत पर्याय शोधताना अनुवादकाला सामाईक अक्षराचा जोड नव्याने साधावा लागतो. पण चित्र मात्र बदलता येत नाही. चित्रातील प्राणी हंस आणि साळिंदर यांचाच राहतो. अनुवादकाच्या स्वातंत्र्याला मूळ लेखकाच्याच हातची रेषा लगाम घालते. चित्रे गाळून छापलेल्या आवृत्तीत हा लगाम सुटतो, पण त्याबरोबर कवितेचा अर्धा देहही गळून पडतो. अशी आवृत्ती संक्षिप्त नसून अपुरी असते. पाठचिकित्सेच्या शिस्तीत चित्र हा पाठाचाच घटक मानावा लागेल, ही मागणी सुकुमार राय यांच्या साहित्याइतकी ठामपणे क्वचितच कोणी केली असेल.

लेखन आणि चित्र ही दोन स्वतंत्र खाती मानणाऱ्या साहित्येतिहासात अशा निर्मात्याला योग्य स्थान मिळणे अवघड असते. विद्यापीठीय अभ्यासक्रमांत विनोदी साहित्य दुय्यम, बालसाहित्य त्याहून दुय्यम आणि छापील पानावरील चित्र तर विचाराबाहेरच, अशी उतरंड दीर्घकाळ प्रचलित राहिली. जेमतेम आठ वर्षांच्या संपादकीय कारकीर्दीत, महिन्याचा अंक भरण्याच्या धबडग्यात आणि अखेर मरणाच्या सावलीत सुकुमार राय यांनी जी पात्रे घडविली, ती ही उतरंड उलटी करून टाकतात. त्यांचा अभ्यास करावयाचा, तर साहित्याच्या अभ्यासकाला पानावरील अक्षरांइतक्याच लक्षपूर्वक पानावरील रेषाही वाचाव्या लागतील.